वर्गाचा ब्लॉग सुरू करताना: पुण्यातल्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

निबंधाच्या वहीला एकच वाचक असतो आणि त्याच्या हातात लाल पेन असतं. मुलं हे चांगलं ओळखून असतात. त्यामुळे 'मी पाहिलेली जत्रा' हा निबंध जत्रेला कधीच न गेलेलं मूलही सफाईने लिहून टाकतं. तेच लिखाण ब्लॉगवर आलं, की ते सोलापूरची आजी वाचते, शेजारच्या तुकडीतली मैत्रीण वाचते आणि 'हे नीट कळलं नाही, पुन्हा सांग' असंही विचारते. मग लिहिणाऱ्याला आपलंच वाक्य परत वाचावंसं वाटतं. शाळेला ब्लॉगचा खरा फायदा हा आहे. बाकीचे फायदे, म्हणजे टायपिंग येणं, संगणक हाताळता येणं, हे त्याच्या मागून येतात.

ब्लॉगचे बहुतेक धोकेही याच वाचकामुळे येतात, कारण तो कोण आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून साइट उघडण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी: हे कोण वाचणार?

आधी वाचक, मग साइट

ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला बंद ब्लॉग, जो फक्त बोलावलेल्या लोकांना उघडतो. दुसरा लिंकवाला ब्लॉग, जो गूगलच्या शोधात येत नाही, पण लिंक असलेल्या कोणालाही वाचता येतो. तिसरा सगळ्यांसाठी खुला. पाचवी ते आठवीसाठी बंद ब्लॉग, नववी-दहावीसाठी लिंकवाला आणि कॉलेजसाठी खुला, अशी सुरुवात केली तर सहसा चुकत नाही. बंदचा खुला पुढे कधीही करता येतो. खुला मात्र नंतर बंद केला, तरी तोवर लोकांनी काय उतरवून घेतलं त्याचा पत्ता लागत नाही.

लिंकवाल्या प्रकाराबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' खाली 'व्हिजिबल टू सर्च इंजिन्स' असं बटण आहे. ते बंद केलं की ब्लॉग खासगी झाला, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. शोधयंत्राने तो दाखवू नये, एवढीच सूचना त्यातून जाते. लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की ती संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पोचते. खरोखर बंद ठेवायचा असेल, तर 'रीडर ॲक्सेस'मध्ये जाऊन वाचकांचे ईमेल पत्ते एकेक करून घालावे लागतात आणि प्रत्येक वाचकाला गूगल खात्याने आत यावं लागतं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर असं खातं असतंच, फक्त आपला पत्ता कोणता हे पालकांना ठाऊक नसतं. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत फोन हातात घेऊन तो लिहून घेतला, की पुढची धावपळ वाचते.

परवानगी: कोणाची, कशाची

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९८१ च्या नियमावलीत आहेत. दोन्हींकडे पाहता, शाळेच्या नावाने काही प्रसिद्ध करण्याआधी कळवणं हाच सरळ मार्ग आहे.

पालकांची संमती त्याहून महत्त्वाची. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. तिची वैयक्तिक माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेणं, हे त्या कायद्यातलं तत्त्व आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी हे करायला हवंच, कारण नाव आणि चेहरा मुलाचा असतो. संमतीपत्र एका पानाचं आणि मराठीत असावं. ब्लॉग कोण वाचू शकेल, मुलाचं नाव कसं छापलं जाईल, फोटो येईल का, आणि लेख काढून टाकायचा असेल तर कोणाला सांगायचं, ही चार उत्तरं त्यात हवीत. लेखाची संमती आणि फोटोची संमती यांच्या चौकटी वेगळ्या ठेवाव्यात. लेखाला हो आणि फोटोला नाही म्हणणारे पालक बरेच असतात, आणि एकच चौकट दिली तर ते दोन्हीला नाही म्हणतात. 'नाही' म्हटल्याने मुलाचं काही बिघडणार नाही, हेही स्पष्ट लिहावं आणि तसंच वागावं. अशा मुलाचा लेख वर्गातल्या भित्तिपत्रकावर लागला पाहिजे.

नाव छापताना फक्त पहिलं नाव किंवा मुलाने स्वतः निवडलेलं टोपणनाव पुरे. आडनाव, तुकडी, हजेरी क्रमांक यांतलं काही नको. एकेकटी माहिती निरुपद्रवी वाटते, धोका ती जुळण्यात आहे. एका लेखात शाळेचं नाव, दुसऱ्यात 'मी रोज साडेपाचला कर्वेनगरच्या क्लासला एकटीच चालत जाते' हे वाक्य आणि तिसऱ्यात गणवेशातला फोटो. तिन्ही लेख निर्दोष आहेत, पण एकत्र वाचणाऱ्या अनोळखी माणसाला मुलीची वेळ, जागा आणि चेहरा मिळाला. म्हणून लेख तपासताना शुद्धलेखनाच्या आधी ही एक फेरी करावी: पत्ता, रोजची वेळ, रोजचा रस्ता, गाडीचा नंबर, ओळखपत्र. सापडलं की खोडावं, आणि का खोडलं तेही मुलाला सांगावं. शिकण्यासारखी गोष्ट ती आहे.

खातं आणि साइट

ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम, दोन्ही फुकट मिळतात. पण एका बाबतीत त्यांच्यात मोठा फरक आहे. ब्लॉगरवर कोणाला 'ऑथर' केलं, की ती व्यक्ती कोणालाही न विचारता थेट प्रकाशित करू शकते. वर्डप्रेसवर 'कॉन्ट्रिब्युटर' अशी पायरी आहे: मूल लेख लिहून ठेवतं, प्रकाशित करण्याचं बटण शिक्षकाकडे राहतं. कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाहीत, ते शिक्षकाने घालायचे. शाळेसाठी ही अडचण नसून सोयच आहे. वर्डप्रेसच्या फुकट योजनेत मात्र पानावर जाहिराती दिसतात आणि कोणती जाहिरात यावी हे आपल्या हातात नसतं. ब्लॉगरवर आपण चालू केल्याशिवाय जाहिराती येत नाहीत. मुलांच्या ब्लॉगवर त्या कधीही चालू करू नयेत.

तेरा वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून गूगल खातं काढता येत नाही. वय खोटं टाकून काढलेली खाती वर्गात असतात. आपण त्यात भर घालू नये. त्यामुळे आठवीपर्यंत ब्लॉगर घ्यावा आणि सगळे लेख शिक्षकानेच चढवावेत. नववीपासून पुढे, मुलांनी स्वतः टाइप करायचं असेल, तर वर्डप्रेसची कॉन्ट्रिब्युटर पद्धत बरी.

ब्लॉगरचा क्रम असा:

१. शाळेच्या नावाने नवीन गूगल खातं काढा. स्वतःचं खातं वापरू नका. बदली झाली, निवृत्ती आली, की ब्लॉग तुमच्याबरोबर जातो आणि मुलांचे लेख अडकून पडतात. शाळेच्या स्वतःच्या डोमेनचं (शाळेच्या वेबसाइटच्या नावाचं) खातं असेल, तर त्यावर ब्लॉगर चालू आहे का ते आधी पाहा. प्रशासकाने ते बंद ठेवलेलं असू शकतं.

२. दुय्यम पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड) चालू करा. तिचा मोबाइल नंबर कार्यालयातला ठेवा.

३. ब्लॉग तयार करताना पत्ता छोटा निवडा. मोठा पत्ता पालक फळ्यावरून उतरवून घेताना चुकतात.

४. 'परमिशन्स'मध्ये दुसऱ्या एका शिक्षकाला बोलावून 'ॲडमिन' करा. एकच ॲडमिन असलेला ब्लॉग पासवर्ड हरवला की संपला.

५. 'कमेंट मॉडरेशन' 'ऑलवेज' करा, म्हणजे तुम्ही मंजूर केल्याशिवाय प्रतिक्रिया दिसणार नाही, आणि निनावी प्रतिक्रिया बंद ठेवा. पहिला लेख चढवण्याआधी हे झालंच पाहिजे.

६. एक खोटा लेख टाकून तो दुसऱ्याच्या फोनवर, खात्यातून बाहेर पडून, उघडून बघा. काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते तिथेच कळतं.

मराठी टायपिंगच्या अडचणी

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतील, तर त्या ब्लॉगवर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. त्या फॉन्टमध्ये अक्षराचं फक्त चित्र मराठी असतं, आतला संकेत इंग्रजीचा असतो. रूपांतरकातून युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) करून घ्या आणि नंतर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, कारण गडबड तिथेच होते. नवीन लिखाण थेट युनिकोडमध्येच करावं. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिकायला थोडे दिवस लागतात, पण शाळेत ज्यांना पुढेही टाइप करायचं आहे त्यांनी तेच शिकावं. फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड पुरतो. त्यातलं बोलून टाइप करणं चांगलं चालतं, पण विरामचिन्हं आपणच घालायची असतात, नाहीतर परिच्छेदभर एकच वाक्य तयार होतं.

'वाऱ्यावर' हा शब्द बऱ्याच ठिकाणी 'वार्यावर' असा छापलेला दिसतो. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं की रफार होतो. ऱ (खाली टिंब असलेला), मग हलन्त, मग य, असं केलं की बरोबर उमटतो. तऱ्हा, दऱ्या, कऱ्हाड, सगळे याच वाटेने जातात. पुण्यातल्या मुलांच्या लेखांत टेकड्या, वारे आणि दऱ्या वारंवार येणार, तेव्हा हे पहिल्याच तासाला दाखवून ठेवावं.

दुसरी गोष्ट ब्लॉगरची. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल, तर तो लेखाच्या लिंकमध्ये शीर्षक घेत नाही. 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडे, अशी लिंक करतो. वीस लेख झाल्यावर कोणती लिंक कशाची ते कळत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये 'कस्टम' निवडून रोमन लिपीत दोन-तीन शब्द घालावेत. प्रकाशित झाल्यावर लिंक बदलली, तर आधी पाठवलेली लिंक मोडते.

वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबून साधा मजकूर चिकटवावा, नाहीतर तिकडचे फॉन्ट आणि रंग बरोबर येतात. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळावा. मराठी शब्द लांब असल्याने फोनच्या अरुंद पडद्यावर ओळींत भोकं पडतात.

काय लिहायचं

ब्लॉग बंद पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे तो शाळेचं सूचनाफलक होतो. स्नेहसंमेलन झालं, पाहुणे आले, हार घातले. असे पाच लेख झाले की मुलंच तिकडे फिरकत नाहीत. कार्यक्रमांसाठी शाळेची वेबसाइट आहे. ब्लॉगवर असं लिखाण हवं, जे लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं.

पुण्यात असे विषय पायाशी आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. तेव्हा शाळेत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत आणि अनेक घरांत आजी-आजोबा म्हणून आहेत. पाणी कुठवर आलं होतं, घरातून काय उचललं, रात्र कुठे काढली, एवढे तीन प्रश्न विचारून आणलेलं एक पान कुठल्याही तयार निबंधाहून मोलाचं ठरतं. पाषाण तलावावरचे पक्षी, वेताळ टेकडीवर कुठलं झाड कोणत्या आठवड्यात फुललं त्याची नोंद, मंडईतल्या एकाच भाजीचा महिनाभराचा भाव: हे विज्ञान, भूगोल आणि गणिताच्या शिक्षकांचे विषय आहेत. ब्लॉग फक्त मराठीच्या बाईंनी सांभाळायचा, हा समज सोडावा.

तांबट आळीला भेट दिल्यावर पहिला खर्डा बहुधा असा येतो: 'आम्ही तांबट आळीत गेलो. तिथे तांब्याची भांडी बनवतात. आम्हाला खूप माहिती मिळाली. खूप मजा आली.' यावर 'छान' लिहू नये आणि लाल रेघाही मारू नयेत. तीन प्रश्न लिहावेत: कानाला काय ऐकू आलं? हातांनी काय चाललं होतं? तुला कळलं नाही असं काय होतं? दुसरा खर्डा असा काहीसा होतो: 'काकांनी घंगाळ्यावर शेजारी शेजारी ठोके मारले. प्रत्येक ठोक्याला एक चकचकीत ठिपका उठला. याला मठारकाम म्हणतात. ओळ चुकली तर पुसता येत नाही, मग ते काय करतात, ते विचारायचं राहिलं.' शेवटचं वाक्य काढू नका. त्यावरच वाचक लिहितील, आणि एखाद्या पालकाला उत्तर ठाऊक असेल.

लांबी १५० ते ३०० शब्द ठेवावी. पहिला खर्डा वहीत, हाताने. घरात एकच फोन असेल आणि तोही बाबा कामावर घेऊन जात असतील, अशा मुलाला यात मागे पडावं लागत नाही. दुसरा फायदा असा, की लेख कुठून उतरवला असेल तर ते वहीतच दिसतं. ज्या खर्ड्यात एकही खाडाखोड नाही, त्याबद्दल मुलाला पाच मिनिटं बोलतं करावं. एआयने लिहिलेला लेखही असाच ओळखू येतो: भाषा गुळगुळीत असते, पण 'तुझ्या आजीनं नेमकं काय म्हटलं?' याचं उत्तर मिळत नाही. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून मुलावर आरोप करू नये. ती मराठीत तर फारच बेभरवशाची आहेत.

दुसऱ्याचं लिखाण, दुसऱ्याचा फोटो

'फोटो: गूगलवरून साभार' हे श्रेय नाही. गूगल फक्त दाखवतं, फोटो कोणाचा तरी असतो. सर्वांत उत्तम म्हणजे मुलांनी काढलेलं चित्र किंवा स्वतः काढलेला फोटो. ते नसेल तर विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्याच्या फोटोंच्या संग्रहातून घ्यावा आणि खाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव, दोन्ही लिहावं. फोटो १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून चढवला, तर कमी नेटवर्कमध्येही पान उघडतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ठिकाणाची नोंद बंद ठेवावी. मुलांचे चेहरे दाखवायची गरज सहसा नसते. हात, वही, मागून काढलेला गट पुरतो.

भारतात साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांची कविता पूर्ण देता येते. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे; त्यांतल्या चार ओळी रसग्रहणासाठी घेता येतील, अख्खी कविता नाही. 'पाठ्यपुस्तकातच आहे' हे कारण चालत नाही. वर्गात शिकवताना कायद्याने मिळणारी सवलत इंटरनेटवर जगासमोर मांडण्याला लागू आहे असं धरून चालू नये. बालभारतीच्या पुस्तकातला धडा चिकटवण्याऐवजी पानाचा क्रमांक द्यावा.

प्रतिक्रिया शिकवाव्या लागतात

'मस्त', 'लय भारी' आणि अंगठा, यापलीकडे मुलं आपणहून जात नाहीत. आधी कागदावर सराव घ्या. वही शेजाऱ्याला द्यायची आणि चिठ्ठीवर तीन वाक्यं लिहायची: कोणतं वाक्य आवडलं, काय विचारावंसं वाटतं, मला यात काय ठाऊक आहे. चार-पाच वेळा हे झालं की मगच पडद्यावर जावं. बोलीवरून, हस्ताक्षरावरून, घरावरून कोणी कोणाला टोचलं, तर ती प्रतिक्रिया प्रसिद्ध होत नाही, आणि लिहिणाऱ्याशी एकट्याशी बोललं जातं, वर्गासमोर नाही. मुलाच्या लेखातली घरची बोली दुरुस्त करू नये. 'आजी म्हनली' हे आजीचं बोलणं असेल तर तसंच राहू द्यावं.

वेळेचं गणित

हे न केल्यामुळे उत्साही शिक्षक दिवाळीपर्यंत थकतात. ४८ मुलांचा वर्ग असेल आणि प्रत्येकाने दर आठवड्याला लिहायचं ठरवलं, तर एका लेखाला १५ मिनिटं धरून १२ तास होतात. ते जमणार नाही. सहा-सहांचे आठ गट करावेत, दर आठवड्याला एक गट लिहील. शिक्षकाचं काम दीड तासावर येतं, प्रत्येक मुलाची पाळी आठ आठवड्यांनी येते, आणि बाकीच्या सात आठवड्यांत त्यांनी वाचायचं आणि प्रतिक्रिया लिहायच्या. मुलाला गुण द्यायचे तर दुसऱ्या खर्ड्यात काय सुधारलं याला द्यावेत. किती जणांनी पाहिलं, त्याला कधीच नाही. तो आकडा मुलांना दिसणार नाही अशीच व्यवस्था ठेवावी, कारण एकदा स्पर्धा लागली की लेख भडक होऊ लागतात.

शिक्षकाचा आणि कॉलेजमधल्यांचा ब्लॉग

शिक्षकाने स्वतःच्या नावाने लिहावं, जरूर लिहावं. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे का फसतात आणि कागदाची पट्टी का चालते, अशा नोंदींची दुसऱ्या शिक्षकाला गरज असते आणि त्या पुस्तकात सापडत नाहीत. पण नाव न घेताही मूल ओळखू येतं: 'माझ्या वर्गातली एक मुलगी, जिचे वडील रिक्षा चालवतात' एवढं गावभर पुरतं. तपशील बदला किंवा तो प्रसंग सोडा. गुणांच्या याद्या आणि वह्यांचे नावासकट फोटो नकोत. चाचणीची प्रश्नपत्रिका सगळ्या तुकड्यांची परीक्षा होईपर्यंत टाकू नये.

कॉलेजच्या विद्यार्थ्याने खुला ब्लॉग लिहावा, आणि एकाच विषयावर. महिन्याला दोन लेख, वर्षभर, हे रोजच्या लेखापेक्षा टिकतं. प्रत्येक विधानाला आधार द्यावा. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो, तिथून सुरुवात करता येते. प्रकल्पातले निष्कर्ष शोधनिबंधात द्यायचे असतील, तर मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय ब्लॉगवर आणू नयेत. प्राध्यापकांवरचा किंवा वसतिगृहावरचा राग रात्री लिहिला, तर तो खर्ड्यातच ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारी वाचावा.

एप्रिलमधलं काम

वर्ष संपताना ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून 'बॅक अप कंटेंट' वापरून सगळ्या लेखांची फाइल उतरवून घ्यावी. एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. प्रत्येक मुलाला त्याच्या लेखांची छापील प्रत द्यावी. दहावी झालेल्यांना विचारावं, की लेख ठेवायचा की काढायचा. काढ म्हणाले तर कारण न विचारता काढावा. सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं हटवण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला आहे, म्हणून जूनमध्ये नवीन वर्ग सुरू झाला नाही तरी कोणीतरी खात्यात शिरून यावं. पासवर्ड बदलावा आणि नवा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांची नावं 'परमिशन्स'मधून त्याच दिवशी काढावीत.